पहिल्यांदा रिसर्च जहाजावर जाताय? पाच दिवसांत नक्की काय शिकायचं

तू विचारलंयस की एमएस्सी मरीन सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहेस, ऑक्टोबरात गोव्यातून पाच दिवसांची क्रूझ आहे, गाव साताऱ्याकडचं, समुद्र लहानपणी गणपतीपुळ्याला बघितला तेवढाच, पोहता येत नाही, घरचे काळजीत आहेत, आणि एवढ्याशा दिवसांत काय शिकलं म्हणजे पुढे नोकरीला किंवा पीएचडीला उपयोगी पडेल. मी गेली वीसेक वर्षं समुद्राच्या पाण्याचं रसायनशास्त्र करतेय, बहुतेक काम अरबी समुद्रातलंच, आणि विद्यार्थ्यांच्या बऱ्याच बॅच डेकवर बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

आधी भीतीचं उरकून टाकू. पोहता येत नसेल तरी चालतं, जहाजावरचे निम्मे खलाशीसुद्धा काही पट्टीचे पोहणारे नसतात, पण लाइफ जॅकेट घट्ट बांधणं, चढल्यावर पहिल्या दिवशी जी मस्टर ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं त्याचा सराव, होते ती मन लावून करणं आणि रेलिंगला पाठ लावून फोटो न काढणं हे तिन्ही पाळायचंच. ऑक्टोबरात पावसाळी वारा पडलेला असतो त्यामुळे समुद्र जून-जुलैसारखा खवळलेला नसतो, तरी बोट लागायची तर लागते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घे आणि जहाज सुटायच्या आधी घे, उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. पोट रिकामं ठेवू नकोस हे सगळ्यात महत्त्वाचं, मुली नेमकं उलटं करतात, जेवणच सोडतात आणि मग जास्त त्रास होतो. कुरमुरे, खाकरा, आलेपाक असलं काहीतरी खिशात ठेव, त्रास झाला की बाहेर डेकवर येऊन क्षितिजाकडे बघ, केबिनमध्ये मोबाइल बघत पडून राहू नकोस. साधारण दीड-दोन दिवसांत शरीराला सवय होते. माझ्या पहिल्या क्रूझला पहिला दिवस मी बादली घेऊनच बसले होते, तिसऱ्या दिवशी मात्र पहाटे चारला नमुने घेत होते. घरच्यांना सांग की मुलींच्या केबिन वेगळ्या असतात, बरोबर शिक्षक असतात, आणि जहाजावर शिस्त हॉस्टेलपेक्षा कडक असते.

आता शिकायचं काय. बहुतेक विद्यार्थी पाच दिवसांत सगळी उपकरणं बघून येतात, पाण्याची क्षारता-तापमान मोजणारा सीटीडी बघितला, जाळं बघितलं, तळाचा गाळ उचलणारा ग्रॅब बघितला, सगळ्यांबरोबर फोटो, आणि परत आल्यावर विचारलं की यातलं तू एकटी काय चालवू शकतेस तर उत्तर नसतं. माझं म्हणणं असं की तू एक आकडा तुझा म्हणून निवड. समुद्रातून पाणी वर आल्यापासून तो आकडा वहीत लिहीपर्यंत मधे जे जे होतं ते सगळं तुझ्या हातून झालं पाहिजे, आणि कोणी विचारलं की हा आकडा खरा कशावरून तर तुला सांगता आलं पाहिजे. बाकीचं सगळं बघ, मदत कर, पण एक आकडा तुझा. मला विचारशील तर ऑक्सिजन घे, का ते सांगते.

ऑक्टोबरात गोव्यासमोरचं पाणी ऑक्सिजन शिकायला जगातल्या फार थोड्या ठिकाणी मिळेल असं असतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचं थंड, आधीच कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढून भूखंड मंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर येतं, त्याच्या डोक्यावर पावसाच्या आणि मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या गोड पाण्याचा पातळ थर बसतो, तो झाकणासारखा काम करतो, वरची हवा खाली मिसळत नाही. वर शेवाळ जोरात वाढतं, मरून खाली पडतं, ते कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदोळीसमोर किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पंचवीस-तीस मीटर खोलीलासुद्धा तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास शून्य होतो आणि कधीकधी बाटली उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, आपण जिला एनआयओ म्हणतो तिने, कांदोळीसमोर 1997 पासून पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेतले म्हणून हे इतकं नीट कळलंय. आणि आणखी आत, शंभरेक किलोमीटरवर मंचाची कडा ओलांडून खोल पाण्यात गेलीस तर तिथे दुसरी गोष्ट आहे, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत अरबी समुद्रात ऑक्सिजन कमी असलेला कायमचा जाड पट्टा आहे. त्याच्या मधल्या भागात जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर जगतात.

हे सगळं तू पुस्तकात वाचलंच असशील. पण ते डोळ्यांनी दिसतं, आणि ते दिसण्याची रीत 1888 सालची आहे, विंक्लर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. सव्वाशे मिलीच्या काचेच्या बाटलीत पाणी भरलं की त्यात आधी मँगनीज क्लोराइड आणि मग अल्कलाइन आयोडाइड, दोन्ही एकेक मिली, पिपेटचं टोक पाण्याच्या आत बुडवून सोडायचं, झाकण लावायचं, उलटीसुलटी करून हलवायची. वरच्या दहा-वीस मीटरचं पाणी असेल तर लगेच दाट तपकिरी साका तयार होतो, चहाच्या गाळासारखा. खालच्या बाटल्यांकडे जाताना रंग फिका होत जातो, आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्याच्या बाटलीत साका पांढरा राहतो, दुधात पाणी घातल्यासारखा. एका लाकडी खोक्यात बारा बाटल्या ओळीने ठेवल्या की समुद्राचा उभा छेद समोर दिसतो, तपकिरी, बदामी, मग पांढऱ्याच पांढऱ्या. मी आत्तापर्यंत किती खोकी भरली असतील, पण पहिली पांढरी बाटली आली की अजूनही विद्यार्थ्यांना हाका मारून बोलावते. नंतर त्यात आम्ल घालून साका विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे किती लागतं ते मोजत थेंबथेंब घालायचं, त्यावरूनच ऑक्सिजनचा आकडा निघतो. पिवळा रंग अगदी गवतासारखा फिका झाल्यावर स्टार्च घालायचा, निळा होतो, आणि एका थेंबाला निळा जातो तो क्षण पकडायचा. हलणाऱ्या जहाजावर तो थेंब पकडायला हाताला दोन दिवस लागतात, कॉलेजच्या लॅबमध्ये कितीही टायट्रेशन केली असली तरी.

पण टायट्रेशनच्या आधीच अर्धं काम बिघडू शकतं, आणि नेमकं तेच जहाजाशिवाय शिकता येत नाही. पाणी वर येतं ते रोझेटवर, म्हणजे गोल चौकटीत बारा किंवा चोवीस निस्किन बाटल्या आणि मधे सीटीडी, जो क्षारता, तापमान आणि खोली सतत मोजत जातो. खाली जाताना बाटल्या दोन्हीकडून उघड्या असतात. पाण्यात उतरवल्यावर आधी दहा मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवतात, पंप सुरू व्हायला आणि सेन्सर रुळायला, मग परत पृष्ठभागाजवळ आणून सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने खाली सोडतात. सीटीडीचा मुख्य डेटा खाली जातानाचा, बाटल्या बंद करायच्या वर येताना, ठरलेल्या प्रत्येक खोलीला थोडं थांबून, म्हणजे बाटलीत त्याच खोलीचं पाणी भरलेलं असेल. हजार मीटरच्या कास्टला, म्हणजे अशा एका खाली-वर फेरीला, तासभर धर. कंट्रोल रूममध्ये स्क्रीनपुढे बसायला मिळालं तर बस, पण त्याआधी एकदा तरी डेकवर बाटल्या कॉक करायला जा, म्हणजे दोन्हीकडची झाकणं ताणून दोऱ्या हुकात अडकवायच्या, वरचा व्हेंट म्हणजे हवेचा स्क्रू घट्ट, खालची तोटी बंद. साधं काम आहे आणि तिथेच चुकतं.

माझी चूक सांगते. तिसऱ्या क्रूझला मी बाटल्या लावल्या होत्या, रात्रीची वेळ, एका बाटलीची दोरी शेजारच्या दोरीखालून गेली, ती खाली बंदच झाली नाही, वर येताना पृष्ठभागाजवळ कुठेतरी धक्क्याने बंद झाली. मी त्यातूनच पाचशे मीटरचा म्हणून नमुना घेतला, साका तपकिरी आला, मला वाटलं काय भारी शोध लागला. आमच्या एका सिनियर सरांनी काहीच न बोलता माझा हात धरून त्या निस्किनवर ठेवला, मग शेजारच्या बाटलीवर ठेवला. शेजारची बर्फासारखी गार, बाहेर दव धरलेलं, आणि माझी कोमट. पाचशे मीटरवरचं पाणी दहा-बारा डिग्रीचं असतं, पृष्ठभागावरचं अठ्ठावीसच्या आसपास, हाताला फरक लगेच कळतो. तेव्हापासून मी नमुना घ्यायच्या आधी प्रत्येक बाटलीवर तळवा ठेवते, आणि विद्यार्थ्यांनाही तेच करायला लावते. तोटी उघडायच्या आधी आणखी एक बघायचं, व्हेंट बंद ठेवून तोटी दाबली तर पाणी येता कामा नये, आलं तर बाटली गळतेय, लॉगशीटवर, म्हणजे नोंदींच्या तक्त्यावर, तसं लिहायचं.

मग नमुने घ्यायचा क्रम, तो पाठच करून जा. वायू आधी, म्हणजे ऑक्सिजन पहिला, कारण निस्किन उघडली की वरून हवा शिरते आणि पांढऱ्या बाटलीची वाट लागायला वेळ लागत नाही. मग पीएच आणि कार्बन, मग न्यूट्रिएंट म्हणजे नायट्रेटसारखी पोषकद्रव्यं, मग क्षारता, मग क्लोरोफिल वगैरे. ऑक्सिजनची नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायची, नळीतले बुडबुडे आधी बोटाने टिचकी मारून काढायचे, पाणी हळू सोडायचं, आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्यायचं. मैत्रीण बाजूला उभी राहून सेकंद मोजते, तू भरतेस, तिसरी रसायनं घालते, हे तिघींचं काम आहे आणि तीन स्टेशनांनंतर, म्हणजे नमुने घ्यायच्या तीन जागा झाल्यावर, बोलायचीसुद्धा गरज पडत नाही. क्षारतेची बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्यायची, न्यूट्रिएंटला हातमोजे घालायचे आणि आसपास कोणी सिगरेट ओढत नाही ना बघायचं, क्लोरोफिलचं पाणी उन्हात ठेवायचं नाही. याच्यातलं एकेक कारण विचारून घे, नुसतं पाठ करून जमणार नाही.

आता लॉगशीट. विद्यार्थ्यांना हे काम सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, कोणालाच नको असतं, म्हणून मागितलंस तर लगेच मिळेल, आणि माझ्या मते पाच दिवसांत शिकण्यासारखं हेच सगळ्यात मोठं आहे. पेन्सिलने लिहायचं, शाई खाऱ्या पाण्याने पसरते. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला लिहायचं, जुना आकडा दिसला पाहिजे. वेळ लिहिताना कुठली वेळ ते लिही. जहाजावर काम बहुतेक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, तुझ्या मोबाइलवर आपली भारतीय वेळ असते, फरक साडेपाच तासांचा, म्हणजे दुपारचा क्लोरोफिलचा नमुना कागदावर सकाळचा होतो. आणि अक्षांश-रेखांश, यात मी चांगले चांगले लोक चुकलेले बघितलेत. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवरच्या स्क्रीनवर पंधरा अंश तीस मिनिटं दिसतं, कोणीतरी ते 15.30 असं लिहून टाकतं, नंतर कॉम्प्युटर त्याला दशांश समजतो. खरं असायला हवं 15.50. फरक 0.20 अंश, म्हणजे बारा सागरी मैल, बावीस किलोमीटर. एका क्रूझच्या डेटात यामुळे आमची दोन स्टेशनं नकाशावर थेट जमिनीवर चढली होती, ती सापडली तरी, जी समुद्रातच राहिली ती कोणाला कळली असती? बाटली गळत होती, वायर वाकडी होती, वारा वाढला, शेजारून ट्रॉलर गेला, हे सगळं रिमार्क्समध्ये लिहायचं. सहा महिन्यांनी टेबलावर बसून आकडा विचित्र दिसतो तेव्हा तुला वाचवणारी ती एक ओळ असते. जहाजाचा दिवस फार महाग असतो, विसरलेला आकडा आणायला कोणी परत त्या स्टेशनवर जात नाही.

जाळ्याचंही तसंच. प्लँक्टनचं, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जिवांचं जाळं ओढताना सगळ्यांचं लक्ष तळाशी लावलेल्या डब्यात काय आलं इकडे असतं, कोपेपॉड, जेली, कधी इवलेसे मासे, ते बघण्यासारखं असतंच, सूक्ष्मदर्शकाखाली तर हलायला मन होत नाही. पण जाळ्याच्या तोंडाशी आत किती पाणी गेलं ते मोजणारा फ्लोमीटर असतो, त्याचा आकडा पाण्यात सोडायच्या आधी आणि वर आल्यावर लिहिला नाही तर आतले प्राणी मोजून काही उपयोग नाही, कारण किती पाण्यातून आले तेच माहीत नाही. साठ सेंटिमीटर व्यासाच्या जाळ्यातून शंभर मीटर ओढलं तर साधारण अठ्ठावीस घनमीटर पाणी जातं, हे स्वतः एकदा कागदावर करून बघ. आणि वायर सोडली शंभर मीटर म्हणजे जाळं शंभर मीटर खोल गेलं असं नाही, वायर उभ्या रेषेपासून तीस अंश कललेली असेल तर खोली सत्याऐंशीच. अकरावीतली त्रिकोणमिती इथे कामाला येते.

गाळाचे नमुने, ग्रॅब, कोअरर, एको साउंडर, हे सगळं बघ, त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, तुमच्या बॅचमध्ये जिऑलॉजीची मुलं असतील ती तुला शिकवतील.

डेकवरच्या माणसांबद्दल मात्र लिहायलाच हवं. विंच, म्हणजे वायर सोडायचं-ओढायचं यंत्र, चालवणारा आणि सारंग ही दोन माणसं तिथली खरी गुरू. सारंग म्हणजे डेकचा मुकादम, कित्येकदा कोकणातलाच किंवा केरळचा, तीस-तीस वर्षं समुद्रावर काढलेला. तो थांब म्हणाला की थांबायचं, तुझे प्रोफेसर काहीही म्हणोत. ताणलेल्या वायरच्या जवळ उभं राहायचं नाही, दोरीच्या वेटोळ्यात पाय टाकायचा नाही, लटकत्या वजनाखाली जायचं नाही, हेल्मेट आणि सेफ्टी शूज घातल्याशिवाय कामाच्या डेकवर पाऊल टाकायचं नाही, ओढणी किंवा मोकळे केस अजिबात नाहीत. हाताच्या खुणा पहिल्याच दिवशी शिकून घे, इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. आणि त्यांना नावाने ओळख, चहा घेताना त्यांच्यात जाऊन बस. पाण्याचा रंग कुठे बदलला, प्रवाह कुठून ओढतोय, हे त्यांना आपल्या उपकरणांच्या आधी कळलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय.

वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, चार तासांचे असतात, बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. रात्रीचा बारा ते चारचा माग. कोणाला नको असतो, त्यामुळे त्या वेळी माणसं कमी आणि काम तुझ्या हातात जास्त येतं, दिवसा वीस जणी एका रोझेटभोवती असतात तेव्हा तुझ्या वाट्याला नुसतं बघणं येईल. पण मग दिवसा झोप, झोप न काढता जो टायट्रेशनला बसतो त्याचे आकडे मी वापरत नाही.

जाण्याआधी महिना आहे ना, तेवढ्यात तीन गोष्टी करून ठेव. कॉलेजच्या लॅबमध्ये विंक्लरची वीस-पंचवीस टायट्रेशन कर, एकाच पाण्याची, आणि आकडे आपसात किती जुळतात बघ. समुद्राच्या डेटाचे आलेख काढणारं ओशन डेटा व्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे. आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडून किंवा आंतरराष्ट्रीय साइटवरून तुमच्या भागातल्या आर्गो फ्लोटचा डेटा काढ. ते फ्लोट साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून वर येऊन तापमान आणि क्षारता पाठवतात. त्याचा आलेख छापून बरोबर ने, तुमचा सीटीडी वर आल्याबरोबर शेजारी धरून बघ. तुमचा हजार मीटरचा आकडा आर्गोपेक्षा फार वेगळा आला तर चूक तुमच्या सेन्सरमध्ये असायची शक्यता जास्त, कारण तेवढ्या खोल पाणी फार हळू बदलतं.

सामानात दोन पेन्सिली दोरीने गळ्यात बांधायला, खोडरबर नको, हेडलॅम्प, सुकायला सोप्या पँटी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक पातळ स्वेटर कारण लॅबमधला एसी उपकरणांसाठी असतो आणि माणसं गारठतात, आणि बूट आधी आठवडाभर घालून मऊ केलेले.

नोकरीचं विचारलंयस. एनआयओ, ध्रुवीय आणि समुद्री संशोधन करणारं वास्कोचं एनसीपीओआर, समुद्री जीवांवर काम करणारं कोचीचं सीएमएलआरई, इन्कॉइस, शिवाय बंदरं आणि पर्यावरण सर्वेक्षण करणाऱ्या खासगी कंपन्या, सगळीकडे प्रोजेक्टवर मुलं लागतात. मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा सर्टिफिकेटवर क्रूझचं नाव दिसलं की एकच विचारते, त्या क्रूझमधला तुझा एक आकडा सांग. बहुतेक जण उपकरणांची नावं सांगायला लागतात. मागच्या वर्षी एका मुलीने सांगितलं, स्टेशन चार, बाटली सात, दोनशे मीटर, साका पांढरा यायला हवा होता तर फिका बदामी आला, मी बाटली हाताने बघितली तर गार होती, म्हणजे खोली बरोबर, मग लक्षात आलं की नळीत बुडबुडा राहिला असणार, म्हणून त्याच बाटलीतून लगेच दुसरा नमुना घेतला, तो पांढरा आला, दोन्ही लॉगशीटवर आहेत. मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, सोमवारपासून ये म्हटलं.